खोडलेलं वाक्य

बिशान, सिंगापूर

बाबा,

साष्टांग नमस्कार लिहायला आज हात धजत नाही.

सरकारी कारखाने विकायला काढलेल्या एका देशाला कामगार कायद्यांवर सल्ला देणारा अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ‘जिथे युनियन टिकल्या, तिथे कामावरून काढलेले लोक लवकर सावरले.’ आकडेच तसे होते. बॉस म्हणाला, हे वाक्य काढ. तुझा इथे काम करायचा पास पुढच्या महिन्यात रिन्यू करायचाय ना? नोकरी गेली की पास जातो, तुमच्या नातवाची, तन्मयची शाळाही. मी ते काढलं.

तुम्ही पिंपरीत संपात चौदा महिने कारखान्याच्या गेटवर बसलात, पण युनियन सोडल्याच्या कंपनीच्या कागदावर सही केली नाहीत.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. अहवाल मात्र छापून आलाय. लग्नानंतरही मी अभिमानाने तुमचंच आडनाव ठेवलं होतं. मुखपृष्ठावर तेच आहे.

अजून तुमचीच,
विनीता