आल्दोनावहिनींना कळलेले संस्कृत

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२९ सप्टेंबर १९६१

तीर्थस्वरूप राघोत्तमअण्णांस,
धाकट्या सेतुमाधवाचा साष्टांग नमस्कार.

हे वाचताच आधी तार करा. "मी सुखरूप आहे" एवढेच, आणि आल्दोनावहिनींच्या नावाने. कारण पुढे लिहितो. तुमची बोट कोलंबोला पोचली असेल असे धरून बोट कंपनीच्या एजंटाच्या पत्त्यावर पाठवत आहे.

येथील सर्व ठीक. वहिनी आता हाताने सांबारभात खातात. आई म्हणते, "गोरी असली तरी पानात शीत टाकत नाही." त्या अजून ओसरीतल्या खोलीतच जेवतात. अप्पा त्यांच्याशी बोलत नसत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझे अक्षर वाकडे आले असेल. शुद्धलेखन मात्र तपासले आहे.

आपल्या घरची रीत तुम्ही जाणता. कामवाल्या कन्निअम्माला कळू नये ते मराठीत बोलायचे, आणि आईला कळू नये ते संस्कृतात. मंगळवारी पुरोहित वेंकोबाशास्त्री आले. वहिनी पायरीवर तांदूळ निवडत होत्या. अप्पांनी त्यांच्याकडे भिंतीकडे पाहावे तसे पाहिले आणि संस्कृतात सुरुवात केली. फोर्थ फॉर्मात शाळा सुटलेला मी, मला दहातले दोन शब्द कळतात. "मम सूनुः मृतः," म्हणजे माझा मुलगा मेला, असे अप्पा म्हणाले. शास्त्रीबुवांना ऐकू कमी येते, म्हणून पुन्हा, मोठ्याने.

वहिनींच्या हातचे सूप पडले.

"सूनुस?" त्या म्हणाल्या. "सूनुस... मिरे?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तर समोर उभा. मग या घरचा दुसरा मुलगा कोण? मला इंग्रजीत विचारले, "कधी? समुद्रात?"

आणि अण्णा, मी मान खाली घातली. कारण बोलणे कशाचे चालले होते ते मला ठाऊक होते. त्यांना तेच उत्तर वाटले. अशी किंकाळी मी कधी ऐकली नाही. समोरच्या घरातले लोक बाहेर आले.

आता लिहितोच. या लग्नापायी महालय अमावास्येला अप्पा तुमचे घटश्राद्ध घालणार होते. पाण्याचा घडा पालथा करायचा, तुम्ही मेलात असे समजून सर्वांनी स्नान करायचे, आणि पुन्हा घरात तुमचे नाव काढायचे नाही. आईला सांगितले नव्हते.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "सेतू, ही का रडत्ये रे?" मी सांगितले. सगळेच. आई अप्पांपुढे जाऊन उभी राहिली. "ती नवऱ्यासाठी रडत्ये. मी कोणासाठी रडू, ते सांगा. घडा आणायच्या आधीच जिवंत पोराचे मढे घरात आणलेत!" आईने अप्पांना असे बोललेले तुम्ही तरी ऐकले आहे का? शास्त्रीबुवा "नंतर येतो" म्हणत माझ्याच चपला घालून गेले.

अप्पा माझ्यावर ओरडले, "हिला देववाणी कोणी शिकवली? तू?"

"मला तरी कुठे येते, अप्पा?"

वहिनी खांबावर डोके आपटत होत्या. माझे इंग्रजी त्यांच्या कानात शिरेना. तेव्हा अप्पा उठले. ज्यांची सावली चुकवत होते, त्यांच्यापुढे खाली बसले. म्हणाले, "न मृतः. जीवति. सूनुः जीवति."

वहिनी थांबल्या. "गीवस?"

अप्पांनी तो शब्द कधी ऐकला नव्हता, तरी त्यांचा चेहरा पडला. "जीवः," ते पुटपुटले.

"सूनुस गीवस?"

अप्पांनी वहिनींकडे सरळ पाहिले. मग वहिनींच्याच शब्दात म्हणाले, "गीवस."

समोर राहणारे, कॉलेजात शिकवणारे गुरुमूर्ती यांनी मग उलगडा केला. वहिनींची लिथुआनियन भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या बोलीतून निघाल्या; त्यांच्याकडे सूनुस म्हणजे मुलगा, मिरे म्हणजे मेला, गीवस म्हणजे जिवंत. ती बोलणारी माणसे हजारो वर्षांपूर्वी दूर उत्तरेच्या गवताळ रानातून गाड्या, गुरे घेऊन निघाली असावीत. काही पश्चिमेला गेली, काही इकडे आली. विद्वानांत अजून वाद आहेत म्हणे. संस्कृत त्या भाषांची आई नव्हे, फार तर थोरली बहीण.

"बहीण?" अप्पा म्हणाले. "आई नव्हे?" ते झोपाळ्यावर बसून राहिले, झोका न घेता.

आईला मात्र नवल वाटले नाही. "माणसे निघाली की बोलणे बरोबर घेऊनच निघतात. आपण नाही का मराठी तंजावरला आणली?"

काल सकाळी अप्पांनी ओसरीतूनच विचारले, अग्नी? "उग्निस." दात? "दांतिस." कोणी शिकवले? आजीने, ती बटाटे लावायची, अक्षर येत नव्हते. परक्याच्या घरात आपली तांब्या-पळी दिसावी तसे अप्पा त्यांच्याकडे पाहत होते. अजून सावरलेले नाहीत. मीही नाही.

पण वहिनींचा विश्वास पुरता बसलेला नाही. म्हातारा दयेने खोटे बोलला असेल, असे त्यांना वाटते. म्हणून तार.

अमावास्येचे काय, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही. पत्र मिटताना एवढेच विचारले, "अप्पा, तुमचे काय लिहू?" मी लखोटा उचलला तेव्हा ते म्हणाले, "थांब. मी सांगतो तसेच लिही. मराठीत." पुढची ओळ त्यांची आहे, पहिल्या शब्दासकट.

चिरंजीव राघोत्तमास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

आपला,
सेतुमाधव