दोघांत एक रायफल

४ जून

रायफल आली. बंदुकांच्या दुकानात सही केली, पेटी उचलली, घरी आणली. आता सहा महिने माझी. डिसेंबरात मी दुकानात ठेवायची, दादाने उचलायची. नऊ वर्षं हेच. तो ठेवतो, मी उचलते. मी ठेवते, तो उचलतो. मधे दुकानदारकाकांचं काउंटर. बहीणभाऊ म्हणून एवढाच व्यवहार उरलाय.

परवान्यावर दोघांची नावं. बाबांनीच तसं करून ठेवलं. घर वाटता येतं, भांडी वाटता येतात, रायफल कशी वाटणार!

पेटी उद्या उघडीन.

५ जून

उघडली. रिकामी आहे ना, दोनदा बघितलं — बाबांची शिस्त, हाडात मुरलेली. बोल्ट काढला, नळीच्या पुढच्या तोंडाशी पांढरा कागद धरला आणि मागून डोळा लावला.

घाण. एका बाजूच्या खाचा बऱ्यापैकी लखलखीत, दुसऱ्या बाजूला शिशाची काळी रेघ, थेट तोंडापर्यंत. मधे कापडाचे धागे अडकलेले. तोंडाजवळ गंजाचे दोन ठिपके. आणि तेलाचा थेंब नाही.

तेल नाही, हेच कळेना. दादाचा दोष नेमका उलटा. तो नळीत इतकं तेल ओतायचा की माझ्या पहिल्या चार गोळ्या भलतीकडेच जायच्या. बाबा म्हणायचे, "नळीला लावतोस की डोक्याला?" दर जूनला मी ते तेल पुसत बसते आणि त्याला शिव्या घालते. वर्षातून एकदा, पण मनापासून. यंदा शिव्या घालायलाही काही ठेवलं नाही त्याने.

हा त्याचा हात नव्हे. कुणातरी परक्याकडून साफ करून घेतली. कंटाळला असेल. रायफलीला, की माझ्याशी असलेल्या या एवढ्याशा धाग्याला?

६ जून

दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या. संध्याकाळी ही नळी. माझ्या कुंडलीत नळीच लिहिलेली दिसते.

आज हात लावला नाही. नुसतीच समोर घेऊन बसले.

७ जून

दुकानात गेले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून नळीत बघितलं आणि "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे डॉक्टरांचं "हं".

मग काउंटरवर साफसफाईचं एकेक सामान मांडलं. तीन तुकडे जोडायची पितळी सळई — बाबांची होती तशीच. काका म्हणाले, "सांध्यापाशी वाकते, आणि वाकली की नळीच्या आत घासते. बाबा जपून वापरायचे म्हणून चाललं." अखंड सळई, वरून प्लास्टिकचा थर दिलेली. ही चांगली, पण सळई दर वेळी पुसून घ्यायची, थराला कचरा चिकटतो. नायलॉनचा ब्रश, रोजच्यासाठी. कांस्याचा ब्रश, शिसं चिकटलं असेल तरच. लोखंडी तारेचा त्यांनी दाखवलाच नाही. आणि शेवटी ओढायची दोरी, एका टोकाला वजन, मधे ब्रश, मागे कापड.

"दोरी सोपी ना?" मी विचारलं.

"सोपी. पण सरळ ओढली तर. तिरकी ओढली की एकच बाजू पुसली जाते. ही अशीच झालीय." मग चष्मा खाली घेत म्हणाले, "एक सांगू? घासली नाही म्हणून बिघडलेल्या नळ्या मी थोड्या बघितल्यात. घासून घासून बिघडवलेल्या फार."

अखंड सळई घेतली, कांस्याचा एक ब्रश, आणि बोल्टच्या जागी बसवायची नळकांडी. तिच्यातून सळई घातली की मधोमध राहते, इकडेतिकडे आपटत नाही.

निघताना सहज विचारावं तसं विचारलं, "दादा ठेवताना काही बोलला?"

"तो आला नव्हता. मीच गेलो होतो आणायला."

"का?"

काका बिल फाडत राहिले. "तुम्हा दोघांच्या मधे मला घेऊ नका, पोरी. फोन कर. नंबर तोच आहे."

८ जून

फोन केला नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी नेमबाजीच्या निवड-स्पर्धेसाठी बाहेरगावी होते. चार दिवस. परत आले तर घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाबांना बरं नव्हतं, दादा येऊन आपल्या गावी घेऊन गेला, तिथल्या दवाखान्यात. मी रायफलीची पेटी काकूंच्याही हाती न देता तशीच खांद्यावर घेऊन पुढची गाडी पकडली. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

घर माणसांनी भरलेलं. त्या सगळ्यांच्या देखत मी दादाला म्हणाले, "तू मला शेवटचं भेटूसुद्धा दिलं नाहीस. माझा भाऊ नाहीस तू."

तो भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, बोलायला तोंड आहे कुठे!

त्यानंतर मी स्पर्धेला उभी राहिले नाही. महिन्यातून एकदा मैदानावर जाते, वीस गोळ्या मारते, नळी साफ करते, परत. खरं तर गोळ्या निमित्त आहेत. साफ करायलाच जाते. लहानपणी आम्ही दोघं जमिनीवर बसायचो, मधे जुनं पांघरूण. तो सळई धरायचा, मी चिंध्या कापायची. वासाने डोकं दुखायचं. तरी कुणी उठायचं नाही.

११ जून

सुरुवात केली. आधी ओली चिंधी, द्रावणात भिजवलेली. मागून घालायची, तोंडातून बाहेर काढून टाकायची. मागे ओढायची नाही, नाहीतर काढलेली घाण पुन्हा आत. मग पंधरा मिनिटं थांबायचं. हे थांबणंच मला जमत नाही, बाबांनी कान पिळून शिकवलं तरी.

कांस्याचा ब्रश सहा वेळा. जास्त नाही. मग कोरड्या चिंध्या. पहिली काळी, दुसरी काळी, तिसरी काळी.

हाताला लागलेला वास जेवतानाही जात नव्हता. बरं वाटलं.

१२ जून

सतरावी चिंधी. अजून करडीच.

१३ जून

फोन हातात घेतला. ठेवला. फरशी पुसली. पुन्हा घेतला. पुन्हा ठेवला. घर मात्र आरशासारखं झालं!

१५ जून

केला.

वहिनीने उचलला. "वन्सं? तुम्ही?"

मी मूर्खासारखी म्हणाले, "रायफलीबद्दल विचारायचं होतं."

"विचारा की."

"साफ कुणी केली यंदा?"

"त्यांनीच."

"वहिनी, त्याचा हात मी ओळखते."

"तो हात राहिला नाही, वन्सं." आवाज अगदी सपाट. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. "फेब्रुवारीत झटका आला. उजवी बाजू गेली. पाय आला परत, हात नाही. बोलणं आता कुठे सुटं होतंय."

मला कळवलं का नाही, हे विचारायला माझं तोंड नव्हतं.

वहिनीच सांगत गेली. मे महिन्यात त्याने पेटी मागून घेतली. सळई एका हाताने धरवेना, म्हणून दोरी मागवली. रायफल दोन गुडघ्यांत दाबून, डाव्या हाताने ओढायचा. तिरकी जायची. पुन्हा ओढायचा. तीन दुपारी तेच. ती म्हणाली, दुकानदारांना सांगू या, ते करून देतील. तर रागाने लाल. तेलाची बाटली दातांनी उघडायला गेला, सगळी सांडली. "मग तेल राहिलंच बघा. त्याचीच त्यांना फार चुटपूट. म्हणाले, तिला मळकी जायला नको."

"त्याला फोन देतेस?"

"झोपलेत. आणि फोनवर शब्द अडतात, मग चिडतात." मग म्हणाली, "यायचं असेल तर या ना."

१६ जून

परका हात, असं लिहिलंय मी वर. खोडलं नाही. राहू दे. मला वाचता यावं.

चिंध्या कचऱ्यातून वेचून काढल्या. सगळ्या सतरा. कशासाठी, ते माहीत नाही.

तोंडाजवळ काळी रेघ अजून थोडी उरलीय. आणखी दोन दिवसांत निघेल. ब्रश हातात घेतला, खाली ठेवला. तेलाचं बोट फिरवून पेटी बंद केली.

१८ जून

रजा मिळाली. सोमवारपर्यंत.

बोलायचं काय, हे पाठ करतेय. प्रत्येक वाक्य "मी" पासून सुरू होतं. बदलून बघितलं. जमत नाही.

२० जून, दादाच्या घरी

दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झालेत. माझं पाठ केलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. रडू तेवढं आलं. तो डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून उभा राहिला.

मग बसला आणि बोलायला लागला. एकेक शब्द ओढून काढत होता. "बाबा... म्हणाले... तिला नको." पुढचं येईना. वहिनीने पुरं केलं. स्पर्धा संपेपर्यंत हिला कळवायचं नाही, आणि हे बाबांनी सांगितलं असंही कधी सांगायचं नाही, जन्मभर मनाला लावून घेईल — बाबांनी दवाखान्यात शपथ घातली होती.

त्या स्पर्धेत मी तिसरी आले होते. दादाने स्पर्धेच्या कचेरीत फोन करून निकाल विचारला आणि बाबांच्या कानात सांगितला. ते हसले म्हणे.