गच्चीवरच्या टबाचे काय करावे

मी, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि भलत्याच आनंदात हे लिहून ठेवते. माझ्यावर दबाव कोणाचाही नाही. तो आणणारा अजून जन्मायचा आहे.

राहते घर मुलाचे. अट एकच: गच्चीवरचा आंघोळीचा जुना टब हलवायचा नाही. मुलाला तिथे फरशी बसवून खुर्च्या मांडायच्या आहेत. पण हा टब आधी शाळेत होता, आणि याच टबाभोवती मी वर्गातल्या मुलांना निसर्ग शिकवला. शेवाळ उन्हावर जगते, डासांच्या अळ्या शेवाळावर, चतुराची पिल्ले अळ्यांवर, आणि बेडूक मिळेल ते गिळून लठ्ठ होतो. जे मरते ते तळाच्या चिखलात जाते आणि शेवाळाचे खत होऊन वर येते. ऊन तेवढे रोज नवे लागते.

सूक्ष्मदर्शक सुनेला. घरात नीट बघण्याची सवय तिलाच आहे.

मुख्याध्यापिकाबाईंना काहीही नाही. टब शाळेत असताना तपासणीसाठी त्यांनी तो फिनेलने चकचकीत घासून घेतला. तपासणी झकास झाली. टब पुन्हा भरला तेव्हा डास ताबडतोब आले, चतूर काही फिरकले नाहीत. शाबासकीचे पत्र आले, तेव्हा सगळे शिक्षक तापाने आडवे होते. वकील म्हणतात, साक्षीदाराला वाटा मिळत नाही. म्हणून मी बाईंनाच साक्षीदार केले आहे.

माझी राख टबाशेजारच्या कुंडीत घालावी. इतकी वर्षे वापरलेले सामान परत करायचे आहे. रडायचे असल्यास कुंडीवरच रडावे, पाणी वाया घालवू नये.

इथवर लिहिले आणि मुलगा चहा घेऊन वर आला. "त्या बेडकाचं तोंड बंद कर" असे रोज म्हणणारा हाच.

"आई, आज बेडूक ओरडत नाहीये."

"ओरडेल की."

"बरा आहे ना तो?"

बाह्या सरसावून त्याने शेवाळ बाजूला केले, मग कुंड्या हलवल्या. बेडूक एका कुंडीमागे बसला होता. तो ओरडेपर्यंत मुलाने चहाला हात लावला नाही. मला इतका आनंद झाला की त्याचाही चहा मीच प्यायले.

सबब वरील अट मी रद्द करते. घर बिनअट मुलाचे. टबाचे तो बघेल.

सही: टबवाल्या बाई

साक्षीदार: मुख्याध्यापिका (फिनेल नव्हते, ब्लीचिंग पावडर होती)

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही करताना एकही डास चावला नाही)

ठिकाण: गच्ची, टबाच्या काठावर

तारीख: आजची, ऊन आहे तोवर