पिवळ्या कुंड्यांचं पाणी

माय, तुला ब्लूबेरी माहीत असायचं काही कारण नाही. मलाही नव्हती. करवंदाएवढं फळ असतं, पण झुडपाला काटे नसतात, आणि फळावर कुणी राख फुंकल्यासारखी पांढुरकी झाक असते. हे आपल्याकडचं झाड नव्हे. साहेबांनी पुण्याकडून कुठून तरी मागवली, चौदा कुंड्या, आणि जिवतीच्या वाटेवर डोंगरात त्यांचं जे फार्महाऊस आहे त्याच्या मागे हिरव्या जाळीखाली ठेवली. त्यांना पाणी घालायला मी आहे. तू गेलीस आणि नववीत माझी शाळा सुटली, त्यानंतर मी वीटभट्टी केली, पानठेल्यावर बसलो, आरामशीनवर भुसा भरला, पण टिकलो तो इथेच. साहेब पाहुण्यांना सांगतात, ह्या पोराचा हात फार नेमका आहे, एक थेंब वाया जात नाही. तो हात नेमका कसा झाला हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ह्या झाडाला आंबट माती लागते आणि पावसाचं पाणी लागतं. बोअरचं चालत नाही. इथल्या बोअरचं पाणी तू बघितलंस तर लगेच ओळखशील. बादली उन्हात वाळली की तळाला पांढरा थर बसतो, खरवडला की नखात भरतो. तसलं पाणी कुंडीत जात राहिलं की मातीचा आंबटपणा मरतो, मग मातीत असलेलं अन्नही मुळांना घेता येत नाही आणि पान पिवळं पडतं. सगळं नाही पडत. शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होते, कुणी जाळी विणल्यासारखी. तसं पहिलं पान सापडलं तेव्हा मी ते तोडून खिशात घातलं आणि दिवसभर कुणाला दाखवलं नाही.

आपल्या घरी पावसाचं पाणी दोन रांजणांत आणि एका निळ्या ड्रममध्ये असायचं. पहिले पाऊस तू पत्र्यावरून वाहून जाऊ द्यायचीस, मग पन्हळीखाली ड्रम लावायचीस आणि तोंडाला धोतराचं दुहेरी फडकं बांधायचीस. मी पहिलीत होतो. आरोग्य खात्याची बाई आली होती, आणि तिच्यासोबतच्या माणसानं आपल्या गल्लीतल्या हातपंपाला लाल रंग फासला होता. ती ओट्यावर बसून सांगत होती, ह्या पाण्यानं पोरांचे दात खराब होतात, मग हाडं आखडतात, पोरांना तरी पावसाचं पाणी पाजा. तू आत गेलीस, ड्रमचं झाकण उघडून किती पाणी आहे ते बघितलंस, आणि बाहेर आलीस. लहान भाऊ अंगणात रांगत होता. माझे खालचे दोन नवे दात नुकतेच वर आले होते, डाग घेऊनच. तू अंगठ्यानं माझा ओठ खाली ओढलास, दात उजेडाकडे केलेस आणि त्या बाईला म्हणालीस, "याचे तं गेलेच. लहान्याचे राहतीन तं राहतीन." ती बाई काहीतरी म्हणू लागली, तेवढ्यात तिच्यासोबतच्या माणसानं गाडी सुरू केली.

तेव्हापासून ते पाणी लहान्याचं. दोघांना पुरेल एवढं नव्हतं, हे मी आजही मान्य करतो. तू स्वतः त्यातलं कधी घेतलं नाहीस, हेही मान्य करतो. तुझी मान वळेनाशी झाली होती, कुणी मागून हाक मारली तर तू अख्खी फिरायचीस. पण एक दिवस शाळेतून आल्यावर मी फडक्याचं टोक उचलून गिलासभर प्यालो. त्या पाण्याला चवच नव्हती, त्याचंच मला नवल वाटलं होतं. तुला ओल्या फडक्यावरून कळलं. तू ओरडली नाहीस. माझ्या मनगटाला धरून मला पंपावर नेलंस, दांडा हापसलास आणि म्हणालीस, "पाणी पाह्यजे ना तुले? पे." मी ओंजळीनं प्यालो. "अजून पे." पंपावरच्या बाया हसत होत्या. एकजण म्हणाली, "जाऊ दे ना वो बाई, फुटन पोट त्याचं." तू हापसत राहिलीस. मी तिथेच ओकलो, आणि तू पदरानं माझं तोंड पुसून, जणू काही झालंच नाही अशी, मला भाकर वाढायला घेऊन गेलीस.

तर कुंड्यांच्या पाण्याचं सांगत होतो. गेल्या वर्षी पाऊस लवकर गेला. फार्महाऊसच्या शेडवरचं पाणी एका काळ्या टाकीत उतरतं. सकाळी तिच्या अंगावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं की आवाजावरून पाणी कुठवर आहे ते कळतं. होळीनंतर तो पोकळ आवाज रोज खाली सरकू लागला. मी करता येईल ते सगळं केलं. वेळ झाली म्हणून पाणी घालणं बंद केलं. कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघायची, हलकी लागली तरच घालायचं, आणि तेही उन्हं यायच्या आधी. मातीवर आरामशीनवरचा भुसा आणि वाळलेला पाला पसरला. खाली ताटल्या ठेवल्या, झिरपलेलं पाणी त्याच कुंडीत परत ओतलं. साहेब आले की एसी लागतो, त्याच्या नळीखाली बाटली लावली. ते पाणी पावसाच्या पाण्यासारखंच असतं, पण साहेब रविवारचेच येतात. कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच असेल असं वाटून एकदा घातलं आणि चुकलो, कारण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे मागे उरतात; ते बोअरपेक्षाही वाईट. चंद्रपूरहून व्हिनेगर आणवलं. बादलीत थोडंसं घातलं की आंबटपणा मोजायच्या कागदी पट्टीचा रंग बरोबर यायचा, पण तो पांढरा थर जायचा तो जायचाच कुंडीत. व्हिनेगर संपल्यावर मी चिंच कोळून घातली.

चिंचेला मुंगळे आले. स्वयंपाकाच्या बाई मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "काऊन रे, झाडाईले चिंचेचं पाणी देऊन राह्यला? मंग फोडणीही दे ना. मीठ आणू काय?" मी चिंच कोळत राहिलो. त्या पातेलं घेऊन जवळ आल्या. "बरं, त्या टाकीतलं गुंडीभर पाणी दे. बोअरच्या पाण्यानं साहेबाची दाळ शिजून नाई राह्यली."

"नाई, बाई."

"मी का घरी नेऊन राह्यली? साहेबासाठीच मागून राह्यली ना बाप्पा."

"साहेबानंच सांगतलं. टाकीले कोणी हात नाई लावाचा."

"साहेबाची दाळ साहेबाच्याच पाण्यात नाई शिजवाची!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "तुयी माय अशीच होती काय रे?"

मी म्हटलं, "हो." त्यांना वाटलं मी गंमत केली. त्या हसत आत गेल्या.

पाडव्यानंतर सहा कुंड्या पिवळ्या पडल्या होत्या आणि आठ हिरव्या होत्या. टाकीतलं पाणी सगळ्यांना थोडं थोडं घातलं तर मृगापर्यंत कोणालाच पुरणार नव्हतं. मी सहा पिवळ्या कुंड्या उचलल्या, भिंतीला लावून ठेवल्या, आणि त्यांच्यासाठी बोअरची बादली वेगळी केली. शेवटची कुंडी ठेवताना माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हे तं गेलेच." जाळीखाली दुसरं कुणी नव्हतं, तरी मी वळून बघितलं.

तुला ही झाडं माहीत नव्हती, तसं दातांचंही पुरतं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, एवढाच आपल्यात फरक. मोबाइलवर वाचून ठेवलं होतं: पिवळं पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, पण पाणी सुधारलं तर बुंध्याशी येणारी नवी पालवी हिरवी येते. आणि दातांचं मला दातांच्या शिबिरात कळलं, तू गेल्यावर. डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, पंपाचं पाणी किती वर्षांचा होईपर्यंत प्यायलास? मी म्हटलं, अजून पितो. तो म्हणाला, पहिलीत डाग दिसले तेव्हाच थांबवायला हवं होतं, तेव्हा बरेचसे दात जबड्यातच असतात, त्यातले काही तरी स्वच्छ आले असते. मी त्याला म्हटलं, हो का. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा दिली.

लहान्याचे दात पांढरेशुभ्र आहेत. तो चंद्रपूरला एका हॉटेलच्या काउंटरवर असतो, तिथे दिवसभर हसणं हेच काम आहे. माझ्यासाठी ब्रह्मपुरीकडची एक मुलगी बघितली होती. चहा घेताना मी एकदा हसलो आणि तिच्या मामानं बशी खाली ठेवली. तू दिलेला रुमाल तेव्हा घरी राहिला होता. आठवतो तुला? बाजारातून आणला होतास, निळी किनार असलेला, शाळेत फोटो काढायचा होता तेव्हा. मला वाटलं नवं काहीतरी आणलंस माझ्यासाठी. तू घडी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "हासतानी तोंडावर धरत जा." तू मला विकत आणून दिलेली तेवढी एकच वस्तू. तो फाटला, मग मी तसेच रुमाल घेत गेलो. आताही खिशात आहे.

शेवटच्या आजारात तू खाटेवर आहेस, जीभ कोरडी पडली आहे, बाप डॉक्टरची गाडी बघायला रस्त्यावर गेला आहे. ड्रमच्या तळाशी थोडं पाणी आहे. मी वाटी बुडवतो, तुझं डोकं उचलायला जातो, पण मान वाकत नाही, म्हणून खांद्याखाली हात घालून सगळं अंग उचलतो आणि वाटी ओठाला लावतो. एक घोट जातो. तुला लगेच कळतं, त्या पाण्याला चव नसते म्हणून. तू ते थुंकतेस. "हे त्याचं हाय," म्हणतेस. "तुले कितीदा सांगतलं." त्यानंतर तू कुणाशी काही बोलली नाहीस. मी वाटीतलं उरलेलं पाणी परत ड्रममध्ये ओतलं आणि फडकं बांधलं.

गेल्या रविवारी साहेब पाहुण्यांना घेऊन आले. आठ हिरव्या कुंड्यांना फळ लागलं होतं. फार नव्हतं, पण लागलं होतं. साहेबांनी तोडून सगळ्यांच्या तळहातावर एकेक ठेवलं. एक बाई म्हणाल्या, "बाजारात मिळते ती गोड असते, नाही?" साहेबांना ते लागलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि भिंतीकडे बोट केलं.

"हे काय ठेवलंयस? काढून टाक. उगाच पाणी पितायत."

"टाकीतलं नाही देत साहेब त्यांना."

"मग काय देतोस?"

"बोअरचं."

ते भिंतीजवळ आले. वाईट नाहीत ते. "बघ बाबा," म्हणाले, "एखादी जगणार असेल तर ठेवू आपण. महाग झाडं आहेत. पाऊस येईपर्यंत तिच्यासाठी मी कॅनमधून पाणी पाठवीन. तुला कळतं त्यातलं. नीट बघ आणि सांग." आणि पाहुण्यांना घेऊन सावलीत गेले.

मी एकेक कुंडी बघितली. पाच खरोखर गेल्या होत्या, नखानं साल खरवडली तर आत तपकिरी लाकूड. सहावीत पाला बाजूला केला तर बुंध्याशी कोंब होता. नखाएवढा. टोकाला तांबूस, खाली हिरवा. तीन महिने बोअरचं पाणी, कूलरचं पाणी, चिंच, मुंगळे, एवढं सगळं होऊन तो आला होता, आणि त्याच्यावर कुठेही पिवळं नव्हतं. मी उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिलो. तो राहिला असता तर त्या दिवशी ओट्यावर तू चुकली होतीस असं ठरलं असतं. मग मला ड्रमपासून सगळं पुन्हा मोजावं लागलं असतं, पंप, मामाची बशी, वाटी, सगळं. मी तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला आणि मोडला. आवाजसुद्धा आला नाही. पाला परत सारखा केला, आणि सहाही कुंड्या मागच्या खड्ड्यात रिकाम्या केल्या.

मृग अजून आलेला नाही. टाकीचा आवाज अगदी बुडाशी आहे, पण आठांना पुरेल. हे कागद मी टाकीखालच्या विटांच्या फटीत ठेवणार आहे. टाकी भरून वाहू लागली की पाणी तिथूनच जातं.

एक लिहायचं राहिलं. सावलीत जाऊन मी साहेबांना सांगितलं, "नाही साहेब, सगळ्याच गेल्या." तेव्हा मी हसत होतो. रुमाल तोंडावर होता, म्हणून कुणाला दिसलं नाही.