कायमचा पत्ता

प्रिय बाबा,

पाकीट तुम्ही उलटून पाहिलं असेल, आणि मागे पाठवणाऱ्याचं नाव-गाव नाही म्हणून कपाळाला आठी पडली असेल. पोस्टाचा शिक्काही नाही. हे विसरल्यामुळे झालेलं नाही. कारण शेवटी सांगते. तुम्ही कुणाचंही पत्र आलं की चष्मा खाली ओढून, उभ्याउभ्याच एकदा पूर्ण वाचता आणि मगच काही बोलता. त्या सवयीवर भिस्त ठेवून सगळं क्रमाने लिहिते आहे. आईला मोठ्याने वाचून दाखवू नका, निदान आज नको.

परवा इथे भोपाळातच अयोध्या नगरला काम होतं तेव्हा वाट वाकडी करून टाउनशिपमधल्या आपल्या जुन्या क्वार्टरवरून गेले. तुम्ही लावलेला कढीपत्ता कुंपणाबाहेर आलाय. जेवणाचं टेबल होतं त्या खिडकीला आता निळी जाळी आहे. त्या टेबलावर माझी पहिली शाळा भरली. दम्यामुळे तिसरीपर्यंत मला शाळेत पाठवलं नाही आणि तुम्ही कारखान्यातून रद्द झालेले कोरे फॉर्म घेऊन यायचात, रजेचे, क्वार्टरच्या दुरुस्तीचे. बाकीच्या मुली कमळ-बदक लिहीत होत्या तेव्हा मी ‘आवेदक का पूरा नाम’ आणि ‘स्थायी पता’ वाचायला शिकत होते. प्रश्न हिंदीत, माझी उत्तरं मराठीत. कायमच्या पत्त्यासमोर मी आजोबांचं गाव लिहायचे, तालुका-जिल्ह्यासकट. एकदा ‘अन्य जानकारी’ हा रकाना सोडून दिला तर तुम्ही फॉर्म परत केलात. म्हणालात, “रिकामा रकाना म्हणजे माणूस काहीतरी लपवतोय.” मी विचार करून लिहिलं, ‘मला दमा आहे.’ तुम्ही हसलात आणि लाल पेनाने सही केलीत. ती सही मला अजून दिसते.

आणि तुमची ती पाहुण्यांची डायरी. भोपाळमध्ये कुणी मराठी माणूस घरी आला की त्याच्या हातात पाण्याचा पेला जायच्या आत तुमचं ठरलेलं, “मूळचे कुठले?” दुसऱ्या चहापर्यंत तुम्ही त्याच्या गावातला कुणीतरी ओळखीचा शोधून काढायचात आणि त्यानंतर तो परका राहायचा नाही. तो गेला की डायरीत एक ओळ: नाव, गाव, कुणाकडून आला. आई म्हणायची, “जनगणना झाली का?” मी तुमच्याकडून दोन्ही गोष्टी उचलल्या, बाबा. गाव विचारणं आणि रकाना भरणं. तुम्हाला दोष देते आहे असं वाचू नका. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि शेवटी ठेवलं, कारण ते खरं आहे.

माझं काम फोनवर तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. ‘संस्थेत बायकांसाठी’ एवढंच सांगत आले. आमची संस्था पोलिसांनी सोडवून आणलेल्या बायकांजवळ बसते. जबाबाच्या वेळी त्यांच्या बाजूने कुणीतरी असावं, म्हणून. गेल्या जुलैत अवधपुरीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमधून पाच जणी सोडवल्या. मंडीदीपच्या कारखान्यांत पॅकिंगचं काम देतो म्हणून त्यांना गावांतून आणलं होतं, आणि तिथून पुढे लग्नाच्या नावाखाली दुसऱ्या राज्यांत विकणार होते. टोळी मोठी होती, तीन राज्यांत माणसं पसरलेली. पाचांतली एक वऱ्हाडी बोलत होती. तिला हिंदी जेमतेम यायचं, म्हणून मला बोलावलं. तिला मी इथे सिंधू म्हणते. हे तिचं नाव नाही.

सिंधू चोवीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच फसून आली होती. तिला विकलं नाही, ठेवून घेतलं, कारण तिच्याकडून फोन करवून घेता येत होते. तिच्या बाजूच्या मुलींना तिच्याच बोलीतला आवाज ऐकून विश्वास वाटायचा. फोन लावताना एक माणूस शेजारी बसायचा. तिने दोनदा नाही म्हटलं. त्या दोन वेळांच्या खुणा तिच्या दंडावर आहेत. पोलिसांच्या तक्त्यात मात्र दोनच रकाने होते, पीडित आणि आरोपी. एकच बाई दोन्ही असेल तर तिला कुठे लिहायचं, ते त्यात नव्हतं. उपनिरीक्षक म्हणाले, “मैडम, फोन तो यही करती थी ना? रोती सब हैं.” मी त्यांच्याशी भांडले. बाबा, मी भांडले यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण तासभर भांडले. शेवटी ते मानले. ठरलं की सिंधूने टोळीतल्या मुख्य माणसांची नावं सांगायची आणि ती साक्षीदार राहील. तिला समजावलं मी. “तुझ्या घरी काही कळणार नाही,” असंही म्हणाले. घरी तिने पॅकिंगच्याच कामावर आहे असं सांगून ठेवलं होतं.

उपनिरीक्षकांनी तिला पत्ता विचारला तेव्हा ती “मालूम नहीं” म्हणाली आणि जमिनीकडे बघत राहिली. त्यांनी सोडून दिलं. दुपारी चहा आला. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती बशीत चहा ओतून पीत होती, आपली सुमनआत्या प्यायची तशी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मूळची कुठली गं तू?” तिने गाव सांगितलं. आजोबांच्या गावापासून अठरा किलोमीटरवर. मी म्हटलं, आम्हीही तिकडचेच. ती पहिल्यांदा हसली. मग घर कुठे, मारुतीच्या मागे की पुढे, वडील काय करतात, धाकटी बहीण बारावी झाली, सगळं बोलली. मी ते फॉर्मसाठी विचारलं नव्हतं. हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तरावरचा विश्वास उडालाय.

संध्याकाळी संस्थेचा माहितीचा फॉर्म जबाबाला जोडायचा होता. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, “मैडम, पते वाला कॉलम खाली है, फाइल लौट आएगी.” आमच्या विनिताताई, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, त्या दिवशी बाहेरगावी होत्या. अशा ठिकाणी संस्थेचा पत्ता लिहायचा असतो. त्याचं आम्हाला प्रशिक्षण झालं होतं. बायकांचे हक्क आणि संघटित गुन्हेगारी असा विषय, जेवणानंतरचे दोन तास, आणि सगळे पेंगत असताना मी एकटी लिहून घेत होते. वही उघडून पाहिली, माझ्याच अक्षरात आहे: ‘साक्षीदाराचा खरा पत्ता आरोपीच्या हाती जाणाऱ्या कागदात नको.’ खाली दोन रेघा ओढलेल्या. तरी त्या संध्याकाळी तो रकाना मला रिकामा बघवला नाही. मी लिहिलं. तालुका-जिल्ह्यासकट. मारुतीच्या मागे, हेसुद्धा.

दोषारोपपत्राच्या प्रती कायद्याने आरोपींच्या वकिलांना मिळतात. नोव्हेंबरात दुपारच्या वेळी दोन माणसं मोटारसायकलवर सिंधूच्या घरी गेली. कुणाला हात लावला नाही. अंगणात बसून पाणी प्यायली, धाकटीची चौकशी केली, आता पुढे काय शिकणार म्हणून. जाताना बाजेवर एक कागद ठेवून गेली. माझ्या अक्षरातल्या त्या पानाची झेरॉक्स. सिंधूच्या वडिलांना वाचता येत नाही आणि धाकटी घरी नव्हती, म्हणून त्यांनी तो शेजाऱ्याकडून वाचून घेतला, आणि मग सगळ्या गावाला कळलं.

कोर्टात सिंधूने सांगितलं, मला काही आठवत नाही. कुणाला ओळखत नाही. तिच्या साक्षीवर बरंच उभं होतं, ते बसलं. टोळीतल्या दोघांना जामीन मिळाला. आणि फोन तिचेच होते ना, ते तर कागदावर होतेच. आता सिंधू आरोपींच्या रकान्यात आहे. सध्या तुरुंगात आहे. मी भेटायला गेले, माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवून. जाळीपलीकडून ती शांतपणे म्हणाली, “तुमी आपल्यातल्या वाटल्या, म्हून सांगतलं ताई.” जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन मी उठले. निघताना तिने एवढंच मागितलं, “लहानीले पाहा.”

पत्ता साक्षीदाराने दिलेला नव्हता, तिने नकार दिला होता, मी विश्वासात घेऊन मिळवलेला मी लिहिला, असं प्रतिज्ञापत्र मी सोमवारी कोर्टात दिलं. तिला धमकी पोचली ती माझ्या कागदातून, हे नोंदलं गेलं तर तिची साक्ष पुन्हा घ्या अशी मागणी तिचे वकील करू शकतात. मिळेलच असं ते म्हणत नाहीत. माझी नोकरी बहुधा जाईल. विनिताताई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. सिंधूच्या घरच्यांच्या संरक्षणाचा अर्जही केलाय, त्याला तारीख मिळाली आहे, अजून सात आठवड्यांनंतरची. भोपाळमधलं बायकांचं वसतिगृह त्या लोकांना ठाऊक आहे. माझी खोलीही ठाऊक असेल. नागपूरचं तुमचं घर मात्र कुठल्याच कागदावर नाही, मी शोधून शोधून खात्री केली आहे.

बाबा, हे पत्र ज्या मुलीने तुमच्या हातात दिलं ती अजून दारात उभी असेल. सांगितल्याशिवाय ती बसणार नाही. एकोणीस वर्षांची आहे. सोबत आलेल्या बाई विनिताताई. त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत यायचं आहे. आधी विचारायला हवं होतं, पण फोनवर विचारायची हिंमत झाली नाही, आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर माझ्याकडे दुसरं दार नव्हतं. तिला माझी खोली द्या. आईला म्हणावं, चहा बशीत ओतून प्यायली तर तिच्याकडे बघत बसू नकोस. तुमच्या ओठांवर प्रश्न येईल, मला माहीत आहे, आणि तो किती मायेने येतो तेही. तो विचारू नका. ती सांगायला लागली तरी म्हणा, राहू दे. आणि रात्री डायरी उघडाल तेव्हा आजची ओळ रिकामी सोडा.

तुमच्या टेबलावर शिकलेली,
तुमचीच
मृणाल