पंच्याखालचा तास

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ डिसेंबर २०२५

ती. अनुताईस,
धाकट्या इंदूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की तुझी पायल शेजारी उभी राहून ऐकते, म्हणून हे पत्र. शिकायला माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या या लेकीचा खोकला वाढलाय. पहाटे दोनदा दम्याचा पंप ओढावा लागतो. तिला मैंदर्गीला परत नेऊ का, असं तू विचारलंस. खरं तेच सांगायचं म्हणून आठ दिवस थांबले, वही पुन्हा तपासली.

गल्लीत आम्ही पाच घरांनी हवेतली धूळ मोजणारी यंत्रं लावलीत, हे तुला माहीत आहेच. आमचं पायलच्या खिडकीबाहेर आहे. दर अर्ध्या तासाचा आकडा मी वहीत लिहिते. तीन महिन्यांची सरासरी पंचेचाळीस; साठाच्या आत असली की बरी म्हणतात. लबाडी नको म्हणून पहाटे साडेपाच ते सात, आपला अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असताना, यंत्र बंद करून त्यावर पंचा टाकते. बाकीच्या चौघांनाही तसंच सांगितलंय. आपल्या बंबाचा धूर गल्लीच्या नावावर कशाला?

तेव्हा दोष हवेचा दिसत नाही. परीक्षेपर्यंत राहू दे तिला. तरी मनात भीती आहे, कसली ते समजत नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, सध्या थोडा जास्त लागेल.
तुझी इंदू

मैंदर्गी
८ डिसेंबर

चि. इंदूस अ. उ. आ.

तुजं पत्र शेजारच्या काशम्माला वाचून दाखवलं. ती आधी लई हसली, मग पत्रातल्या पंच्यावर बोट ठिवलं. काय गं म्हनलं, तर म्हनली, मावशी यंत्रावर पंचा टाकती, पोरीवर काय टाकती?

माजं बी तेच की. तू कॉलेज शिकलेली, पाटीवरची बेरीज चारदा पुसनारी. पर त्या दीड तासात पायल श्वास घेती का न्हाय? खोकला पहाटंचा, आन् तुजी वही पहाटंचीच कोरी. पंचा काढ. बंब पेटवू नको, चार दिस पारोशी ऱ्हा, कोन बघतंय! दिसंल ते लपवू नको.

देव तुमा समद्यांना राखो.
तुजी ताई

सोलापूर
१५ डिसेंबर

ती. अनुताईस सा. न. वि. वि.

तीन पहाटा बंब पेटवला नाही. साडेपाचला आकडा पन्नास होता. पावणेसहाला मागच्या रंगाई कारखान्याचं धुराडं सुरू झालं. बॉयलरात चिंध्या जाळतात, घशाला झोंबणारा वास. सहाला दोनशे दहा, साडेसहाला तीनशे चार. सातला खाली. तिन्ही दिवस तसंच. हा वास मी तीन महिने आपल्या बंबाचा समजत होते.

आज खिडकीच्या आत पायल गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. ओठ निळसर. डॉक्टरांनी वाफ देऊन श्वास सावरला, आणि तिला आजच्या आज या हवेतून हलवायला सांगितलंय. परीक्षेचं पुढे बघू.

ताई, मी प्रामाणिकपणा जपत होते की आपल्या घराचं नाव, हे मलाच सांगता येत नाही. उद्या त्या चारही दारांत जाऊन पंचा काढा म्हणायचंय. एका घरात चार महिन्यांचं बाळ आहे. तिथे पाय उचलेल का, माहीत नाही.

पायलला घेऊन हे दुपारच्या एसटीने निघताहेत. पत्र तिच्याजवळच देते. माझ्यावरचा लोभ उरला तर कळव. ती दारात आली की आधी तिच्या छातीला कान लाव, पत्र मग वाच.

तुझी इंदू