तिसऱ्या पिंजऱ्यातल्या सरळ रांगा

३ मार्च
आज अकरा उंदीर मारले. आधी गॅस, मग दोन बोटांत मान धरून एक हिसका, मग कात्री. कवटीच्या बाजूचं हाड फोडून कानातला शंख काढायचा – तांदळाच्या दाण्याएवढा. प्राणिघरातले काका म्हणाले, "बाई, हात थरथरू देऊ नका. तुमचा हात थरथरला की त्याचा जीव रेंगाळतो." थरथरला नाही.

६ मार्च
तिसरा पिंजरा! केसपेशी परत आल्यात!!
तीनदा मोजलं. आम्ही औषधाने या उंदरांच्या केसपेशी – ज्यांच्यामुळे ऐकू येतं त्याच – मारून टाकल्या होत्या. मग उरलेल्या आधारपेशींत तीन प्रथिनं चालू केली. ही प्रथिनं जनुकांवर बसून हुकूम सोडतात. पहिलं म्हणतं, ऊठ, केसपेशी हो. दुसरं भलत्या वाटा बंद करतं. तिसरं जगवतं. पक्ष्यांच्या कानात असं आपोआप होतं. आपल्यात नाही. आपल्यात मेलं ते मेलं.

७ मार्च
प्रयोगशाळेच्या मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेरा तारखेला मोठ्या बैठकीत मीच मांडायचं. माझ्या इथल्या नोकरीची मुदतवाढ त्यावरच आहे.
आईला फोन केला. "थांब, उजव्याला लावते." तिचा डावा कान गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. वाचत बसले होते, बाबांची हाक ऐकू आली नाही. बाबांचा हात माझ्यावर उगारलेला होता, आई मधे आली. कानातून रक्त, आणि बाबा तिच्या अंगावरून पाय टाकून जेवायला बसले. "पोरगी शिकून कुणाला तारणार आहे?"
आज आई म्हणाली, "मग माझा कान बरा करशील ना गं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिला वाटतं, मला सगळं येतं. मी हो म्हणाले.

९ मार्च
झोप नाही. त्या पेशी फार सरळ आहेत. बाहेरच्या तिन्ही रांगा, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा. नव्याने आलेल्या पेशी अशा येत नाहीत – चार इथे, दोन तिथे, वेड्यावाकड्या. मग या नव्या कशावरून?

१० मार्च
कळलं.
पेशी मारायला दोन इंजेक्शनं लागतात. पहिल्यानंतर अर्ध्या तासाने दुसरं. दुसरं चुकलं तर पहिलं वाया. वहीत दोन्ही चौकटींत माझी सही आहे. पण आम्ही सगळेच दोन्ही सह्या एकदम ठोकतो – हातमोजे पुन्हा कोण काढणार? आज दुसऱ्या औषधाची बाटली मोजली. बरोबर एका पिंजऱ्याचं औषध जास्त उरलंय.
इंजेक्शनांचा तो दिवस आठवला. पहिलं देऊन झालं होतं. तेवढ्यात आईच्या शेजारच्या मावशींचा फोन – "बाबांनी आईला पुन्हा मारलंय, बत्त्याने, तू ये!" मी तशीच पळाले. तिच्या दंडाची सूज धरून दोन दिवस बसले. इकडे तिसरा पिंजरा दुसऱ्या इंजेक्शनाविना.
त्या पेशी मेल्याच नव्हत्या. नव्या कुठल्या? जुन्याच.

११ मार्च
सांगितलं नाही.

१२ मार्च
आजही नाही. मॅडमनी माझ्यासाठी चहा मागवला. टेबलावरच गार झाला.

१३ मार्च
बैठकीच्या एक तास आधी सांगितलं. मॅडमनी काचपट्ट्यांचा डबा भिंतीवर फेकला. काचा माझ्या पायाशी. मी दोन्ही हातांनी कान झाकून खाली बसले – आठ वर्षांची असल्यासारखी. त्या एकदम थांबल्या.
मग हळू आवाजात, पण प्रत्येक शब्द चटका देणारा: "पेशी मेल्यात की नाही हे न बघताच तू त्या परत आल्याचं मोजत बसलीस! असं कसं गृहीत धरलंस?" मी काहीतरी बोलले, आईच्या कानाबद्दल. म्हणाल्या, "आणि तो? तो तरी कुणी तपासलाय?"
कुणीच नाही.
बैठकीत मीच उभी राहून चूक सांगितली. मुदतवाढ गेली. जूनपर्यंत आहे.

१७ मार्च
आईला बोलावून घेतलं. कानाच्या डॉक्टर शांत बाई आहेत. यंत्रावर दाखवलं – डाव्या कानाच्या पडद्याला भोक, जुनं, मोठं. मग ऐकण्याची चाचणी घेतली – आतला शंख शाबूत. केसपेशी शाबूत. "पडदा शिवता येतो. साधं ऑपरेशन आहे. तेव्हाच आणायचं होतं यांना."
तेव्हाच.
सहा वर्षं मी उंदरांचे कान फोडतेय. आईच्या कानात एकदाही डोकावले नाही. त्या थपडेने आत सगळं मेलं असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं!
बाहेर बाकावर बसले तर डोळ्यांपुढे बाबांची मान, माझ्या दोन बोटांत. हिसका कसा द्यायचा ते मला येतं. बोटं आवळून बसून राहिले. आई म्हणाली, "नखं बघ, रक्त काढलंस हातातून."

१८ मार्च
ऑपरेशनचा अर्ज भरला. पत्त्यापाशी आले, घरचा लिहायला लागले. आईने माझं मनगट धरलं.
"तो नको. तुझा लिही. मी आता तिकडे जात नाही."